यमीची तख्ती पोतारणाऱ्या वैनींना

तुमच्या घरातलं पोर आज शाळेत गेलं असेल, तर त्याची तख्ती काल कुणी पोतारली, हे तुम्ही सांगू शकाल का? मास्तरांचं नाव तुम्हांला ठाऊक असेल. शाळेत उर्दू किती आणि मराठी किती, यावर तुम्ही चार माणसांत तासभर बोलू शकाल, मीही बोलतो. पण लाकडी तख्ती कुणी धुतली, तिच्यावर पांढरी माती कुणी सारवली, दौतीत शाई कुणी घातली, बोरू कुणी तासला आणि पोर उंबऱ्याबाहेर पडलं तेव्हा मागं राहिलेलं काम कुणाच्या अंगावर पडलं, हे विचारलं तर? महिन्याभरापूर्वी मला कुणी हे विचारलं असतं, तर मी हसून सोडून दिलं असतं.

वैनी, प्रश्न वाचणाऱ्यांना होता. आता तुमच्याशी बोलतो.

शिरूरच्या मित्रांचं एक हस्तलिखित मासिक आहे, तुम्हांला माहीत आहे. त्यासाठी त्यांनी माझ्याकडे सरकारच्या जुलमावर लेख मागितला होता. अर्धा लिहून झाला होता. तो तसाच बाजूला ठेवला आणि हे लिहायला बसलो. माझं लिहिलेलं तुम्ही कधी वाचलं नाही, तुम्हांला वाचता येत नव्हतं. मी कागद घेऊन बसलो की चुलीपासून आवाज यायचा, "आज कुनावर तापलाय भावजी?" आज कुणावर तापलो आहे ते शेवटी सांगतो.

तुम्ही कुठल्या, कुणाच्या, किती दिवस तापात होता आणि कधी गेलात, हे लिहीत नाही. गावाला ते पाठ आहे. गावाला जे माहीत नाही, तेवढंच लिहितो.

तुम्ही या घरात आलात तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. आई जाऊन दोन पावसाळे झाले होते. घरात दादा आणि मी, दोघंच. मी रोज काहीतरी विसरून कोसभर चालत शिरूरच्या शाळेत जायचो आणि रोज छडी खायचो. तुम्ही नव्या नवरी, माझ्याशी अजून धड बोललाही नव्हता. एके दिवशी भाकरी वाढताना माझा सुजलेला तळवा तुम्हांला दिसला. काही विचारलं नाहीत. जेवण झाल्यावर माझा हात हातात घेतलात आणि एकेक बोट मिटत गेलात.

"अंगठा म्हंजी तख्ती. ह्ये बोट दौत. मधलं बोरू. त्याच्या शेजारचं पुस्तक. करंगळी भाकर."

"करंगळी भाकर कावून?"

"भाकर इसरली तर पोट याद करून देतं. म्हनून ती शेवटाला."

त्या दिवसापासून उंबऱ्याशी उभं राहून मूठ मिटल्याशिवाय मी घराबाहेर पडलो नाही. सहा महिन्यांत छडी बंद झाली. मास्तर म्हणाले, पोरगं सुधारलं. मलाही वाटलं, मी सुधारलो. बारा वर्षं मला तसंच वाटत होतं.

पुढं यमी झाली, किसन झाला, दोघं शाळेत जाऊ लागले आणि तुमची ती मूठ त्यांच्या हातात गेली. तुम्ही दप्तर कधी भरून दिलं नाहीत. आधी तर ही तुमची आळशी खोड वाटायची. किसन सहा वर्षांचा, फडक्याची गाठ त्याला बसत नसे, तो रडकुंडीला यायचा आणि तुम्ही समोर बसून नुसत्या बघायच्या. शेजारच्या काशीबाई म्हणाल्या होत्या, "दे की बाई बांदून. येवढंसं लेकरू त्ये." तुम्ही म्हणालात, "मी बांदलं तर उद्या मास्तर मलाच इचारतील, शाळंत का न्हाई आली म्हनून." किसनला गाठ बसली तेव्हा तो गल्लीभर दप्तर दाखवत फिरला.

आणि तुमचा दुसरा कायदा. पोरं शाळेतून आली की भाकरीआधी तख्ती. आपल्या परसातल्या भिंतीवर दिवस मावळेपर्यंत ऊन असतं. तेवढ्यात तख्ती धुऊन, पोतारून, भिंतीला टेकवून ठेवली तरच ती वाळते. ऊन गेल्यावर धुतली की सकाळी ओली राहते, तिच्यावर शाई पसरते आणि अक्षराचा चिखल होतो. "भिंतीवर ऊन हाय तवर," एवढंच तुम्ही म्हणायच्या. भूक लागलेली पोरं कुरकुरत तुमच्या जोडीनं माती सारवायची. काशीबाई कुंपणावरून ओरडायच्या, "आधी खाऊ तरी घाल! तख्तीचं काय लगीन हाय?" आणि तुम्ही, "लगीन न्हाई, पर हळद तर लावायचीच की."

ती पांढरी माती तुम्ही ओढ्याच्या पलीकडून आणत होता. ओढ्याच्या अलीकडं मोगलाई, पलीकडं इंग्रजी हद्द. मी तुम्हांला चिडवायचो, "वैनी, करोडगिरीच्या नाकेदारानं धरलं तर मातीवर किती जकात बसवंल?" तुम्ही टोपली डोक्यावर सावरत म्हणायच्या, "त्यालाच इचारा. त्याच्या पोराच्या तख्तीला बी हीच लागती."

त्याच ओढ्याच्या पलीकडून माझी पत्रकं येत होती. त्यांच्यावरच मी वाढलो. सभेला परवानगी, वाचनालयाला परवानगी, चार माणसं जमली की कुणीतरी नावं टिपून घेतो, अशा राज्यात माझी खरी शाळा म्हणजे ती पातळ, घाईत छापलेली पानं. त्यांनी मला मान वर करायला शिकवलं. ते ऋण मी नाकारत नाही. पण मान वर केलेल्या माणसाला पायाशी काय आहे ते दिसत नाही, हे त्यांत कुठं लिहिलेलं नव्हतं.

आपलं पहिलं मोठं भांडण बोरूवरून झालं. तुमच्या कोनाड्यात बोरूच्या दोन जुड्या असायच्या, एकीला लाल दोरा, एकीला निळा. मराठीसाठी टोकाचा काप एका अंगाला तिरपा लागतो, उर्दूसाठी दुसऱ्या अंगाला. तुम्हांला दोन्ही अक्षरं सारखीच परकी, पण काप कधी चुकला नाही. त्या आठवड्यात मी मातृभाषेवरच्या अन्यायाचं पत्रक वाचलं होतं. डोकं पेटलेलं होतं. मी निळ्या दोऱ्याची, उर्दूची जुडी उचलली आणि गुडघ्यावर मोडली. यमी रडायला लागली. तुम्ही तुकडे गोळा केलेत, चुलीत घातलेत आणि नव्या काड्या आणि चाकू घेऊन बसलात.

मी म्हणालो, "वैनी, ज्या भाषेत आई रागावते त्या भाषेत लेकरानं शिकावं."

तुम्ही मान वर न करता म्हणालात, "मी रागावल्याली त्यास्नी न शिकता कळती. जी कळत न्हाई ती शिकायला जात्यात."

मी आणखी बोललो. खूप बोललो. तेव्हा तुम्ही चाकू खाली ठेवलात आणि बीडची ती गोष्ट सांगितलीत. लहानपणी वडिलांबरोबर तुम्ही कचेरीत गेला होता. "दाराव पाट्या व्हत्या. कुनाची काय, कुनास ठावं. दिसभर एका दाराशी बसलो आन् बापाचं नाव पुकारलं दुसऱ्या दाराला. आमी पोचलो तवा दार बंद. बाप म्हनला, आपलंच चुकलं." थोडं थांबून म्हणालात, "पाटी कंच्या का भाषंत असंना, माज्या यमीला वाचता आली पायजे."

"पाटीच बदलली पाहिजे!" मी ओरडलो.

"बदला की. कुनी न्हाई म्हनलं? पर बदलस्तवर यमीला दाराशी बसवू का?"

मी म्हणालो की गुलाम असाच विचार करतात. तुम्ही पुन्हा चाकू उचललात. भांडण तिथंच राहिलं. वैनी, माझं म्हणणं मी आजही सोडलेलं नाही. पाटी बदललीच पाहिजे, आणि बदलेपर्यंत मी गप्प बसणार नाही. पण तुमच्या प्रश्नालाही उत्तर हवं होतं आणि ते माझ्याकडं नव्हतं. गुलाम हा शब्द मात्र होता.

दुसरं भांडण मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आता सगळ्यांसमोर सांगतो.

ओढ्यापलीकडून आलेल्या पत्रकांचा एक गठ्ठा शिरूरला दत्ताकडं पोचवायचा होता. दत्ता माझा मित्र, बाजारपेठेत राहतो, मासिक त्याच्याच घरी लिहिलं जातं. वाटेत नाका. नाक्यावर मोठ्यांची झडती होते, शाळेच्या पोरांना कुणी हात लावत नाही. मी सकाळी यमीच्या दप्तरात, पुस्तकाच्या खाली, तो गठ्ठा सरकवला. शाळेच्या फाटकाशी दत्ता तो काढून घेणार होता. यमीला मी काही सांगितलं नव्हतं. तिला माहीत नसलेलं बरं, असा माझा शहाणपणा.

पोरं उंबऱ्याशी उभी राहिली. यमीनं अंगठा मिटला, तख्ती. दौत. बोरू. पुस्तक उचललं आणि ती थांबली. "आये, ह्ये काय?"

तुम्ही जवळ आलात. गठ्ठा हातात घेतलात. तुम्हांला वाचता येत नव्हतं, पण आपल्या घरात असला कागद कुणाचा असतो ते तुम्हांला कळत होतं.

"हाताला पाच बोटं. ह्ये सहावं कुनाचं, भावजी?"

"शाळेचंच आहे."

"शाळंचं असतं तर यमीला ठावं असतं."

पोरांना तुम्ही वाटेला लावलंत. ती वळणाआड गेल्यावर गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवलात. "तुमचं तुमी न्या. तुमच्या पायाला काय मेंदी लावलीया?"

मी वाट्टेल ते बोललो. भित्र्या म्हणालो. असल्या बायांमुळंच हे राज्य टिकलं आहे, असंही म्हणालो. तुम्ही ऐकून घेतलंत. मग एवढंच बोललात, "व्हय, भिते मी. नाक्याव यमीला हुबं केलं असतं तवा तुमी कुटं असता?"

त्या दिवशी नाक्यावर पोरांची दप्तरं कुणी उघडली नाहीत. संध्याकाळी मी यमीकडून खात्री करून घेतली आणि तुमच्यासमोर येऊन मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "बघा, कुणी तपासलं का?" तुम्ही यमीची वेणी सोडत होता. "न्हाई तपासलं म्हनून बराबर व्हतं व्हय?"

आणि मी तो गठ्ठा पुढं नेला का? नाही. तो माळ्यावरच पडून राहिला. मला नाक्याची भीती वाटत होती. नऊ वर्षांच्या मुलीच्या पाठीवर जे ओझं मी बिनदिक्कत टाकलं, ते स्वतःच्या खांद्यावर घेताना माझे पाय उंबऱ्यातून निघेनात. माळ्यावर धान्य काढायला चढायच्या तेव्हा तुम्हांला तो गठ्ठा दिसतच असणार. तुम्ही कधी त्याचं नाव काढलं नाहीत. दादालाही सांगितलं नाहीत. माफी मागायची म्हणून दोनदा तुमच्याजवळ आलो होतो. एकदा तुम्ही पीठ चाळत होता, एकदा हसत होता. दोन्ही वेळा मी पाणी मागून परत गेलो.

तुमच्या तापातली गोष्ट राहिली. बाजेवर डोळे मिटून पडल्या पडल्या तुम्ही तिसऱ्या प्रहरी विचारायच्या, "पोरं आली? तख्त्या झाल्या?" आणि मी वाचत बसलेला, मान वर न करता म्हणायचो, "झाल्या." झालेल्या नसायच्या. पोरं तुमच्या पायथ्याशी बसून असायची, तख्त्या दप्तरात तशाच. तुम्हांला समाधान वाटायचं. तुमच्याशी बोललेलं माझं शेवटचं वाक्य खोटं होतं.

तेराव्याचं सगळं आटोपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी किसन दप्तर घेऊन निघाला. यमी मागोमाग उठली, तेव्हा दादा म्हणाला, "यमे, तू ऱ्हा."

"का?" मी विचारलं.

"पानी कोन भरंल? दळन हाय. भाकरी हायत्या."

वैनी, दादाला वाईट म्हणू नका, मीही म्हणत नाही. त्याचे डोळे बारा दिवसांत आत गेले होते आणि तो हळू बोलत होता. पण मी उभा राहिलो आणि भाषण सुरू केलं. मुलींच्या शिक्षणावरची माझी सगळी पत्रकं मला पाठ आहेत. मुलगी शिकली नाही तर समाज लंगडा राहतो, इथपासून सुरू केलं ते थेट जगातल्या पुढारलेल्या देशांपर्यंत गेलो. दादानं मध्ये अडवलं नाही. माझं संपलं तेव्हा त्यानं विचारलं, "झालं बोलून? बरं. मंग तू भरतू का पानी?"

टोमणा नव्हता तो. त्यानं खरंच विचारलं होतं आणि तो उत्तराची वाट बघत होता. मी खाली बघितलं. यमीनं एकदा माझ्याकडं पाहिलं, कोपऱ्यातली घागर उचलली आणि आडाकडं गेली.

ज्याच्यावर मी तापलो आहे म्हणालो ना वैनी, तो माणूस हाच. पत्रक पाठ असलेला आणि खाली बघणारा.

त्या दिवशी दुपारभर यमी चुलीशी होती. तिची तख्ती भिंतीला टेकलेली, आदल्या संध्याकाळी तिनंच पोतारून ठेवलेली, पांढरीशुभ्र, एक अक्षर नाही. मी समोरून चार वेळा गेलो. पाचव्यांदा जाववेना.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी घागर घेऊन आडावर गेलो. पाच-सात बाया होत्या. त्यांनी मला येताना पाहिलं आणि दोर जागच्या जागी थांबले.

"अगं बया! भाषनवाले पान्याला आले!"

"भावजी, डोईव पदर घ्या की."

"आता कुकू बी लावा म्हनावं!"

सगळ्या हसल्या. मी दोर सोडला, घागर दगडांवर आपटत खाली गेली, आपटत वर आली, निम्मं पाणी माझ्या धोतरावर. पुन्हा हशा. शेवटी काशीबाईंनी माझ्या हातातून दोर घेतला. "हात असा न्हाई, बाबा. असा. आन् वडताना पाय म्होरं. तुजी वैनी असती तर पोट धरून हसली असती बग." एवढं बोलून त्यांनी माझी घागर स्वतःच वर ओढून दिली.

घरचा रांजण भरायला सहा खेपा लागतात, वैनी. सहा. बारा वर्षं मी त्या रांजणातलं पाणी प्यालो आणि मला आकडा माहीत नव्हता. पोरं डोळे चोळत उठायची तेव्हा तुमच्या सहा खेपा आणि दळण झालेलं असायचं. म्हणून सकाळचा तो घटकाभर वेळ पोरांचा असायचा. म्हणून तुम्हांला समोर बसून गाठ बसेपर्यंत नुसतं बघता यायचं. मी ज्याला आळस म्हणत होतो, तो वेळ तुम्ही अंधारात कमावलेला होता.

पहिल्या दिवशी मला इतका उशीर झाला की यमी अर्ध्या शाळेला पोचली. दुसऱ्या दिवशी थोडा कमी. तिसऱ्या दिवशी मी पाणी भरून झाल्यावर जात्याशी बसलो. एकट्याला खुंटा ओढेना. मागून पावलं वाजली. दादानं दार लोटून घेतलं, आतून कडी घातली आणि माझ्यासमोर मांडी घालून बसला. खुंट्यावर त्याचा हात माझ्या हातावर आला. आम्ही दोघा भावांनी शेर-दोन शेर ज्वारी दळली. तुमच्या त्या जात्यावर म्हणायच्या ओळी आम्हां दोघांनाही येत नव्हत्या. पीठ भरडं निघालं. उठताना दादा म्हणाला, "तुज्यानं व्हईल तवर जाईल यमी शाळंत. तू थकलास की ती घरी."

तर असं आहे. तुमच्या मुलीची शाळा आता माझ्या खांद्याच्या दमावर उभी आहे.

चुका रोज होतात. मी थापलेली भाकरी तव्यावर फाटते. परवा मी पोरांना आधी खाऊ दिलं, लाड म्हणून. तख्त्या धुवायला घेतल्या तोवर भिंतीवरचं ऊन उतरलं होतं. सकाळी दोन्ही तख्त्या ओल्या. यमी मोठ्या माणसासारखी म्हणाली, "काका, आयेनं सांगितलं न्हवतं का?" सांगितलं होतं. रोज सांगत होत्या. मी ते ऐकायच्या गोष्टींत धरलं नव्हतं.

आणि बोरू. कोनाड्यातले संपले, म्हणून मी तासून दिले. मराठीचा जमला. उर्दूचा शाळेतल्या मौलवीसाहेबांनी हातात धरला, टोक बघितलं आणि यमीबरोबर परत पाठवला. मग मी स्वतः काड्या आणि चाकू घेऊन शाळेत गेलो. निळी जुडी गुडघ्यावर मोडणारा मी, उर्दूच्या मास्तरांसमोर उकिडवा बसलो आणि म्हणालो, काप शिकवा.

म्हातारे मौलवीसाहेब हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून चाकू फिरवला आणि म्हणाले, "तुमारे भाबी कू बी इदरीच सिकाया मैं. दरवाजे के बाहर खड़े रैते थे, अंदर नै आते थे. तीन बार आये. तीसरे बार में हात बैठा."

मला हे ठाऊक नव्हतं. तुम्ही बाजाराला जाते म्हणून सांगत होता.

"और एक बात पूछे थे," ते म्हणाले. "बोले, मेरी छोरी का नाम इस लिखने में किदर से सुरू होता? मैं बोला, सीदे हात से. बोले, और मराठी में? मैं बोला, उल्टे हात से. हँसे. बोले, अच्छा है, दोनो तरफ से आयेगी."

घरी येताना नाका लागला. नाकेदारानं माझ्या हातातल्या काड्या पाहिल्या आणि जाऊ दिलं. मी पुढं ओढ्यापर्यंत गेलो. बराच वेळ पाण्याजवळ बसलो होतो. मग माती भरून घेतली, कारण घरातली संपली होती.

बाजाराच्या दिवशी दत्ता आला. मी परसात शाईसाठी काजळात डिंक घोटत होतो. तो बघतच राहिला.

"काय बे, लेख कुठं हाय? तिकडं पोरं तुरुंगात जायला निघाल्यात आन् तू घागरी उचलतूस म्हनं. बाजारात हसत्यात लोक. ही काय चळवळ झाली व्हय?"

मी विचारलं, "दत्ता, तुझी बहीण किती वर्षांची?"

"दहाची. का?"

"शाळेत जाते?"

"न्हाई."

"कावून?"

दत्तानं आमच्या छपराकडं बघितलं, मग भिंतीला टेकलेल्या दोन तख्त्यांकडं. "घरी काम असतंय," तो म्हणाला. हे तुमच्या दिराचे मित्र, वैनी. आम्ही सगळे स्वातंत्र्याचे.

मी त्याला म्हणालो, आता लिहितोय तोच लेख घे. जुलमाच्या लेखाच्या जागी, पहिल्याच पानावर घाल. पुढच्या बाजाराला येऊन नेतो म्हणाला.

आता तुमच्याकडं थोडं. यमीच्या दप्तरात मी जे ठेवलं, ते चूक होतं. कुणी तपासलं नाही तरी चूक होतं. तख्त्या झाल्या म्हणालो, त्या झाल्या नव्हत्या. तुम्हांला गुलाम म्हणालो. त्या वेळी घरात मोकळ्या मनानं विचार करणारं माणूस एकच होतं आणि ते चाकू घेऊन बोरू तासत होतं. माफी मागायची वेळ गेली, हे मला कळतं. तुम्ही असता तर म्हणाला असता, "बास करा भावजी, शाई वाळंल." शाई घोटून झाली आहे. दौतीत चिंधी घातली आहे, सांडू नये म्हणून. यमी आजपर्यंत सलग अकरा दिवस वेळेवर गेली. बाराव्याची खात्री मी तुम्हांला देऊ शकत नाही. खांदा सुजला आहे. दादाचा ताल अजून माझ्या तालाशी जुळत नाही. पण उद्या मी उठणार आहे.

आणि हे वाचणाऱ्यांनो, तुमच्याकडं एक मागणं आहे. आपल्या मासिकासाठी वर्गणी मागत नाही, सभेलाही बोलावत नाही. तुम्ही लेख लिहा, पत्रकं वाटा, पाट्या बदलायला निघा, मीही येईन. पण उद्या सकाळी, त्या सगळ्याच्या आधी, घरातल्या मुलीच्या हातून घागर काढून घ्या. ती बहीण असो, लेक असो, भावाची पोर असो. पाणी तुम्ही भरा. आडावर बाया हसतील. दोन दिवस हसतील, आणि दोर कसा धरायचा तेही शिकवतील. तेवढ्या वेळात तिला तिचं दप्तर तिच्या हातानं बांधू द्या आणि शाळेच्या वाटेला लागलेली डोळ्यांनी बघा. मग चार माणसांत या. उशीर का झाला असं कुणी विचारलं, तर दुसरं कारण सांगू नका. पाणी भरत होतो, असं मोठ्यानं सांगा.